कुंपणाआडचा सह्याद्री



मुळशी तालुक्याला जमिनीचा प्रश्न नवा नाही. १९२१ साली येथील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज मुंबईला हवी होती. किंमत मावळाने मोजली. त्याच तालुक्यात, आंबवणे परिसरातील डोंगरांवर, पुढे सहारा समूहाने अँबी व्हॅली वसविली. कृत्रिम तलाव, गोल्फचे मैदान, विमानांची धावपट्टी, बंगले आणि प्रवेशद्वारी पहारा!

डोंगरावरची हवा कोणा भांडवलदाराने निर्माण केलेली नाही. पाऊस त्याचा नाही. लोणावळ्यापर्यंतचा लोहमार्ग जनतेच्या पैशाचा आहे. या साऱ्यांमुळे जमिनीची किंमत वाढते, ती मात्र मालकाच्याच पदरात पडते. अर्थशास्त्र हिला अनर्जित वाढ म्हणते. फाटक हे तिचे राखणदार होय. माळी, मोलकरीण, पहारेकरी यांना ते उघडते, पण केवळ कामापुरते.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये व्याजासह परत करण्यास फर्माविले. भरणा पुरा झाला नाही, म्हणून २०१७ साली अँबी व्हॅलीच्या जप्तीचा व पुढे लिलावाचा हुकूम निघाला. परंतु लिलावाने मालक बदलतो, फाटक तसेच राहते.

म्हणून कार्यकर्त्यांची मागणी निःसंदिग्ध हवी: अनर्जित वाढीवर कर, राबणाऱ्यांना रास्त वेतन, आणि गावकऱ्यांच्या पायवाटा व पाणवठे खुले. सह्याद्री विकत घेता येईल अशी वस्तू नव्हे. तो साऱ्यांचा वारसा आहे.