सवलत आणि हक्क : दोन अमेरिकन कॉलेजांतील पदवीधर स्त्रियांचा लढा

एखाद्या कॉलेजचें दार स्त्रियांना प्रथम उघडलें, म्हणजे त्या दिवसाची नोंद इतिहासकार आवर्जून करतात. पहिली विद्यार्थिनी कोण, तिनें कोणती पदवी घेतली, तिच्या वर्गांत किती मुलगे होते, हें सारें पुढें पुस्तकांत येतें. परंतु तेंच दार जेव्हां पुन्हां लोटून घेण्यांत येतें, तेव्हां त्या दिवसाची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. स्त्रीशिक्षणाचा इतिहास म्हणजे पायरी पायरीनें वर जाणारा जिना, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती पुष्कळ अंशीं खरीही आहे. तथापि या जिन्यावरून खालीं उतरविण्यांत आलेल्या स्त्रियाही झाल्या आहेत. आपल्या मागून येणाऱ्या मुलींची वाट बंद होऊं नये म्हणून ज्या पदवीधर स्त्रिया उभ्या राहिल्या, त्यांची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागांत, न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या दरम्यान, कनेक्टिकट नांवाचें एक लहानसें राज्य आहे. त्या राज्यांत मिडलटाउन या गांवीं मेथॉडिस्ट पंथाच्या पुढाकारानें १८३१ सालीं वेस्लियन युनिव्हर्सिटी स्थापन झाली. नांव युनिव्हर्सिटीचें असलें, तरी त्या काळीं तिचें स्वरूप एका मध्यम आकाराच्या कॉलेजचेंच होतें. चाळीस वर्षें तेथें केवळ मुलगे शिकत होते. १८७२ सालीं विश्वस्तांनीं स्त्रियांना प्रवेश दिला, आणि चार मुली दाखल झाल्या. १८७६ सालीं त्या चौघीही पदवीधर झाल्या. फाय बीटा कप्पा या नामांकित विद्वत्संघाच्या तेथील शाखेनें त्याच वर्षीं या नव्या पदवीधर स्त्रियांना आपल्यांत घेतलें. आरंभ इतका उज्ज्वल होता.

परंतु या उपक्रमाला लोकांनीं जें नांव दिलें होतें, त्यांतच पुढील संकटाचें बीज होतें. त्यास ‘वेस्लियनचा प्रयोग’ म्हणत असत. प्रयोग म्हटला म्हणजे तो करणारा एक आणि ज्याच्यावर तो होतो तो दुसरा. आणि प्रयोग केव्हां थांबवावा हें ठरविण्याचा अधिकार पहिल्याकडेच राहतो. मुलगे तेथें शिकत होते, तो प्रयोग नव्हता. त्यांच्यापैकीं कोणी नापास झाला, तर तो एकटा नापास होई. मुलींच्या बाबतींत मात्र प्रत्येक परीक्षेंत साऱ्या स्त्रीजातीचीच परीक्षा चालली आहे, असें मानलें जाई.

त्या काळीं स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर सर्वांत मोठा आक्षेप प्रकृतीचा होता. बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनीं १८७३ सालीं ‘सेक्स इन एज्युकेशन’ नांवाचें पुस्तक लिहून असें प्रतिपादन केलें कीं, मुलांच्या बरोबरीनें अभ्यास केल्यास मुलींच्या शरीराची, विशेषतः मातृत्वशक्तीची, हानि होते. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. यावर पदवीधर स्त्रियांनीं दिलेलें उत्तर लक्षांत ठेवण्यासारखें आहे. निरनिराळ्या कॉलेजांतील स्त्री-पदवीधरांनीं बोस्टन येथें आपला एक संघ स्थापन केला होता. मॅरियन टॅलबट आणि एलन रिचर्ड्स या त्याच्या पुढारी. या संघानें पदवीधर स्त्रियांकडे प्रश्नपत्रिका पाठविल्या, आणि ७०५ जणींचीं उत्तरें जमवून १८८५ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. उत्तरें देणाऱ्या स्त्रियांपैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक जणींची प्रकृति चांगली असल्याचें त्यांत दिसून आलें. डॉक्टरांनीं मूठभर रोगी स्त्रियांवरून सिद्धांत काढला होता. या स्त्रियांनीं शेंकडों निरोगी स्त्रियांची मोजदाद करून त्याचा पाया काढून घेतला.

प्रकृतीचा आक्षेप अशा रीतीनें लटका पडला. मुली अशक्त ठरल्या नाहींत, अभ्यासांतही मागें राहिल्या नाहींत. वेस्लियनमध्यें त्यांची संख्या वाढूं लागली, आणि मानसन्मानाच्या याद्यांत त्यांचीं नांवें वारंवार झळकूं लागलीं. तर्कदृष्ट्या येथें वाद संपावयास हवा होता. प्रत्यक्षांत मात्र विरोध वाढला. मुलगे आपल्या मंडळांत व प्रकाशनांत मुलींना स्थान देईनासे झाले. एकाच वर्गांत बसणारे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी बाहेर एकमेकांशीं बोलतनासे झाले. ॲम्हर्स्ट आणि विल्यम्स हीं शेजारचीं प्रतिस्पर्धी कॉलेजें निव्वळ पुरुषांचीं होतीं. आपलें कॉलेज ‘बायकांचें’ म्हणून ओळखलें जाईल आणि चांगले विद्यार्थी तिकडे जातील, अशी धास्ती माजी विद्यार्थ्यांना वाटूं लागली. १९०० सालीं विश्वस्तांनीं विद्यार्थिनींची संख्या एकंदर विद्यार्थ्यांच्या शेंकडा २० पर्यंत मर्यादित केली.

ही भीति एकट्या वेस्लियनला ग्रासून होती, असें नव्हे. देशाच्या दुसऱ्या टोंकास, कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतही मुलींची संख्या वाढत गेली, तेव्हां संस्थापिका श्रीमती जेन स्टॅनफर्ड यांनीं १८९९ सालीं एका वेळीं ५०० हून अधिक विद्यार्थिनी असूं नयेत असा निर्बंध घातला. तो १९३३ सालापर्यंत कायम होता. अर्थ उघड आहे. स्त्रिया अयशस्वी झाल्या असत्या, तर ‘प्रयोग फसला’ म्हणून त्यांना काढलें असतें. त्या यशस्वी झाल्या, म्हणून त्यांना मोजून घेण्याची पाळी आली.

अखेर १९०९ सालीं वेस्लियनच्या विश्वस्तांनीं स्त्रियांना नवा प्रवेश न देण्याचा ठराव केला. आधींच दाखल झालेल्या मुलींना शिक्षण पुरें करण्याची मुभा मिळाली, आणि १९१२ सालीं शेवटची तुकडी बाहेर पडली. संस्थेची पुरुषी प्रतिमा जपली पाहिजे, हें एक कारण होतें. दुसरें कारण पैशाचें होतें. पदवीधर पुरुष पुढें व्यापार-उद्योगांत पैसा मिळवितात आणि कॉलेजला देणग्या देतात. स्त्रियांकडून तेवढी प्राप्ति होण्याची आशा नाहीं, असा हिशेब मांडण्यांत आला.

हा हिशेब थोडा बारकाईनें पाहण्यासारखा आहे. त्या पदवीधर स्त्रियांपैकीं पुष्कळ जणी शिक्षिका झाल्या होत्या. शिक्षिकेचा पगार शिक्षकाहून कमी असे. वकिली, पेढ्या, कारखाने हीं क्षेत्रें स्त्रियांना बहुतेक बंदच होतीं. म्हणजे समाजानें प्रथम स्त्रीच्या कमाईवर मर्यादा घातली, आणि मग तिची कमाई थोडी म्हणून तिच्या धाकट्या बहिणीचें शिक्षण काढून घेतलें. एका अन्यायानें दुसऱ्या अन्यायाची साक्ष द्यावी, असा हा प्रकार होता.

माजी विद्यार्थिनींनीं विरोध केला. पण निर्णय घेणारें मंडळ पुरुषांचें होतें. पदवी त्यांच्या हातीं होती, मत नव्हतें. कायद्याचा आधार घ्यावा, तर १८७२ सालीं मिळालेला प्रवेश ही विश्वस्तांची मर्जी होती, स्त्रियांचा हक्क म्हणून तो कोठेंही नोंदलेला नव्हता. दिलेली सवलत देणाऱ्यानें परत घेतली, इतकाच त्या ठरावाचा अर्थ लावण्यांत आला.

येथें दुसऱ्या एका कॉलेजचें उदाहरण शेजारीं ठेवून पाहिलें पाहिजे. उत्तरेकडील मेन राज्यांत वॉटरव्हिल या गांवीं कोल्बी कॉलेज आहे. तेथें स्त्रियांना वेस्लियनच्या एक वर्ष आधीं, म्हणजे १८७१ सालीं, प्रवेश मिळाला. मेरी लो ही तेथील पहिली पदवीधर स्त्री १८७५ सालीं आपल्या वर्गांत पहिली आली. १८९० सालीं अध्यक्ष ॲल्बियन स्मॉल यांनीं मुलामुलींचे वर्ग अलग करून स्त्रियांची निराळी शाखा करण्याची योजना मांडली. मेरी लो आणि तिची सहाध्यायिनी लुईज कोबर्न यांनीं पुढाकार घेऊन पदवीधर स्त्रियांतर्फें विश्वस्तांकडे निषेध नोंदविला. योजना थांबली नाहीं; वर्ग विभागले गेले. परंतु कोल्बींतून स्त्रिया गेल्या नाहींत. लुईज कोबर्न पुढें त्याच कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर बसली. १९३० नंतर कॉलेज गांवाबाहेरील मेफ्लॉवर हिल या टेकडीवर नेण्याचें ठरलें, तेव्हां तेथील स्त्रियांच्या इमारतीसाठीं माजी विद्यार्थिनींनींच निधि जमविण्यास हातभार लावला. स्त्रिया देणग्या देत नाहींत, या समजुतीला हें चोख उत्तर होतें. तें उत्तर देण्याची संधि कोल्बींतील स्त्रियांना मिळाली. वेस्लियनमधील स्त्रियांना ती मिळण्यापूर्वींच निकाल लागला होता.

मग वेस्लियनच्या स्त्रियांनीं काय केलें? त्यांच्यांत १८९७ सालची पदवीधर एलिझाबेथ राइट ही होती. कनेक्टिकट राज्यांत आतां स्त्रियांना कला शाखेची पदवी देणारें एकही कॉलेज उरलें नव्हतें. येल विद्यापीठाच्या पदवीवर्गाचीं दारें तर बंदच होतीं. हार्टफर्ड शहरांतील पदवीधर स्त्रियांच्या मंडळापुढें हा प्रश्न मांडण्यांत आला, आणि राज्यांत स्त्रियांसाठीं नवें कॉलेज काढावें असें ठरलें. जागा देऊं शकतील अशा गांवांकडे विचारणा झाली. टेम्स नदीच्या मुखाशीं वसलेल्या न्यू लंडन या गांवानें उत्साहानें पुढें येऊन वर्गणी काढली, आणि लहानथोर नागरिकांनीं मिळून एक लक्ष डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. एप्रिल १९११ मध्यें राज्याची सनद मिळाली. मॉर्टन प्लांट नांवाच्या धनिकानें दहा लक्ष डॉलर दिले. २७ सप्टेंबर १९१५ रोजीं ‘कनेक्टिकट कॉलेज फॉर विमेन’ सुरू झालें, तेव्हां पदवीसाठीं आलेल्या ९९ आणि इतर ५२ अशा १५१ विद्यार्थिनी होत्या. शिकविणारे २३ होते, आणि ग्रंथालयांत ६,००० पुस्तकें होतीं. एलिझाबेथ राइट त्या कॉलेजच्या कारभारांतही पुढें कित्येक वर्षें राहिली.

ज्यांच्यापाशीं द्रव्यबळ नाहीं असें विश्वस्तांनीं ठरविलें होतें, त्यांच्या प्रयत्नांतून सहा वर्षांच्या आंत एक संपूर्ण कॉलेज उभें राहिलें. हा पराक्रम खराच. परंतु त्याच्या तेजानें मूळ हानि दृष्टीआड होऊं नये. नवें कॉलेज उभारण्याची शक्ति ज्या स्त्रियांनीं खर्च केली, ती त्यांना असलेल्या कॉलेजांतील स्थान दृढ करण्याकडे, ग्रंथालयाकडे, गरीब मुलींच्या शिष्यवृत्त्यांकडे लावतां आली असती. शिवाय १९०९ आणि १९१५ यांच्या मधल्या काळांत ज्या मुली अठरा वर्षांच्या झाल्या, त्यांना राज्याबाहेर जाणें किंवा शिक्षण सोडणें याशिवाय तिसरा मार्ग नव्हता.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांना येथें साहजिकच अण्णासाहेब कर्वे यांची आठवण होईल. त्यांनींही १९१६ सालीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ काढलें. मग स्वतंत्र संस्था हा विजय समजावा कीं पराजय? दोहोंतला भेद असा कीं, मुंबई विद्यापीठानें १८८३ सालीं स्त्रियांस दिलेला प्रवेश कर्व्यांच्या विद्यापीठामुळें बंद झाला नाहीं. या विद्यापीठाची पहिली पदवीधर स्त्री कॉर्नेलिया सोराबजी ही पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत मुलांबरोबरच शिकली होती, आणि तो मार्ग पुढील मुलींसाठीं खुलाच राहिला. अण्णासाहेबांनीं एका दारासोबत दुसरें दार उघडलें; ज्यांना इंग्रजीचा किंवा घरच्या अडचणींचा अडसर होता, त्यांच्यासाठीं तें होतें. कनेक्टिकटमध्यें एक दार बंद झाल्यावर दुसरें शोधावें लागलें. स्वतंत्र संस्था स्वखुशीनें निवडणें आणि घालवून दिल्यामुळें ती काढणें, या दोन गोष्टी एका मापानें मोजतां येत नाहींत.

या कथेचा शेवट मोठा विलक्षण आहे. १९६९ सालीं कनेक्टिकट कॉलेजनें पुरुषांना प्रवेश दिला आणि आपल्या नांवांतील ‘फॉर विमेन’ हे शब्द गाळले. लगोलग १९७० सालीं वेस्लियनच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत पुन्हां मुली आल्या. त्या वेळीं पुरुषी प्रतिमेच्या रक्षणासाठीं कोणी आग्रह धरला असता, तर चांगले विद्यार्थीच दुसरीकडे गेले असते. कारण आतां मुलांनाही सहशिक्षण हवें होतें. १९१२ मध्यें शेवटची पदवीधर स्त्री बाहेर पडल्यापासून ५८ वर्षें गेलीं होतीं. १९०९ सालीं जिला नकार मिळाला, तिच्या नातीला प्रवेश मिळाला. मधल्या पिढीच्या वांट्याला मात्र तें कॉलेज आलेंच नाहीं.

एखाद्या संस्थेंत आज मुलींची संख्या भरपूर आहे, त्यांचे निकाल उत्तम आहेत, म्हणून त्यांचें स्थान सुरक्षित आहे असें समजूं नये, हें वेस्लियनच्या इतिहासावरून दिसतें. यशानें हक्क आपोआप सिद्ध होत नाहीं. तो संस्थेच्या घटनेंत लिहिला गेला पाहिजे, आणि निर्णय घेणाऱ्या मंडळांत त्याच्या बाजूनें बोलणाऱ्या स्त्रिया असल्या पाहिजेत. ज्या दिवशीं ठराव होतो, त्या दिवशीं अर्ज लिहिणें फार उशिराचें ठरतें. ज्यांनीं तेथून पदवी घेतली, त्या माजी विद्यार्थिनींनीं संस्थेशीं संबंध राखणें, वर्गणी देणें, सभांस हजर राहणें, निवडणुकीस उभें राहणें, हीं सारीं कंटाळवाणीं वाटणारीं कामें आहेत. पण कॉलेजचा पुढचा ठराव कोणाच्या बाजूनें होईल, हें बहुधा अशा कामांवरच ठरतें.