वाघाचा जीव, बाईचा जीव

आपला पारशिवनी तालुका आणि शेजारचं रामटेक, दोन्ही पेंचच्या जंगलाला लागून. म्हणून आजचा प्रश्न आपल्या घरचाच आहे. वाघाचा जीव मोठा की माणसाचा?

यवतमाळ जिल्ह्यातली टी-1 वाघीण तुम्हाला आठवत असेल. लोक तिला अवनी म्हणायचे. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, सुप्रीम कोर्टात गेलं. शेवटी 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली. शहरांत लोक तिच्यासाठी रस्त्यावर उतरले. तिकडच्या गावांत मात्र मिठाई वाटली.

यावरून कोणी म्हणेल, शहरातले दयाळू आणि गावचे निर्दयी. तसं नाही बायांनो. पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारल्याशिवाय आपण घास घेत नाही. जंगलाकाठची कितीतरी गावं वाघदेवाला नारळ फोडतात. फरक मायेचा नाही. पहाटे जंगलात कोणाला जावं लागतं, फरक त्याचा आहे. 2025 च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ सगळ्या देशाचा, पण त्याला जपण्याची किंमत मोजली त्या तीन घरांनी.

सरकार मृताच्या कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. ते हक्काचे आहेत, मागून घ्यायचे. पण तो काही जिवाचा भाव नव्हे. त्या पैशात लेकरांची माय परत येत नाही.

मग वाघ नकोच का? तसंही नाही. पेंचचं जंगल आहे म्हणून तोतलाडोहला पाणी येतं, आणि तीच पेंच पुढे आपल्या कन्हानला मिळते. अवनी मेली तेव्हा तिची दोन पिल्लं वर्षाचीही नव्हती. त्यातली मादी पकडून आपल्या पेंचलाच आणली होती. त्या पिल्लाचा काय गुन्हा?

1972 चा वन्यजीव कायदा मला इथे पटतो. वाघ माणसाच्या जिवावर उठला, तर आधी त्याला पकडायचा, बेशुद्ध करून हलवायचा. काहीच जमलं नाही तरच गोळी. म्हणजे निवडायचीच वेळ आली तर माणूस आधी, पण मारणं सगळ्यात शेवटी.

माझं म्हणणं एवढंच, की ती निवडायची वेळच येऊ नये. सरपणासाठी बाईला जंगलात जावं लागू नये, म्हणून सिलिंडर परवडला पाहिजे. घरी संडास पाहिजे. गावाजवळ काम पाहिजे. या गोष्टी ग्रामसभेत आपणच मागायच्या. वाघ आणि बाई, दोघींचाही जीव त्यानेच वाचतो.

तोवर मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला एकटी जाऊ नका. घोळक्याने जा, बोलत राहा. पहाटेच्या अंधारात आणि दिवस बुडल्यावर जंगल टाळा. खाली वाकून काम करताना एकीने उभं राहून लक्ष ठेवा. वाघ दिसला तर वन विभागाच्या 1926 नंबरवर लगेच कळवा.

या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न नक्की घ्या: आपल्यातली कोण कोण अजून सरपणाला जंगलात जाते, आणि का? नावं लिहा, कारणं लिहा, आणि तो कागद ग्रामसभेत ठेवा.

रामराम.