पायीं पाहिलेलें कॉर्दोबा



परदेशांतील शहर पाहण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. मोटारींतून फिरतां येतें, वाटाड्याच्या मागून धांवतां येतें, आणि आतां तर घरीं बसून पडद्यावरहि पाहतां येतें. परंतु कांहीं शहरें अशीं असतात कीं तीं पायांखालून घातल्यावांचून उमगत नाहींत. स्पेन देशाच्या दक्षिणेस, अंदालुसिया प्रांतांत, ग्वादाल्किविर नदीच्या कांठीं वसलेलें कॉर्दोबा हें त्यांपैकीं एक. तेथें आम्ही सहकुटुंब घालविलेल्या एका दिवसाचा वृत्तांत आज मी आपणांस सांगणार आहें.

माद्रिदहून जलद आगगाडीनें कॉर्दोबा पावणेदोन तासांच्या अंतरावर आहे. मार्च महिन्याची अखेर होती. उन्हाळ्यांत या गांवीं पारा ४० अंशांच्याहि वर चढतो. त्यामुळें पायीं हिंडावयाचें तर वसंत ऋतूच बरा. बरोबर पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. स्टेशनावरून जुनें शहर ओलांडून आम्ही प्रथम नदीवर गेलों. कारण नदीवरचा पूल हें या शहराचें सर्वांत जुनें दार आहे.

नदीचें नांवच इतिहास सांगतें. 'वादी अल् कबीर', म्हणजे मोठी नदी, या अरबी शब्दांचें ग्वादाल्किविर झालें. तिच्यावर १६ कमानींचा पूल आहे. त्यास रोमन पूल म्हणतात. परंतु अरबांनीं व त्यांच्यामागून ख्रिस्ती राजांनीं त्याची इतक्या वेळां डागडुजी केली आहे कीं मूळचें रोमन बांधकाम त्यांत फारच थोडें उरलें आहे. मध्यावर नगररक्षक देवदूत राफाएल याची १६५१ सालची मूर्ति असून तिच्यापुढें मेणबत्त्या जळत असतात. २००४ सालापासून पुलावर वाहनांस बंदी असल्यामुळें मुलांना मोकळें सोडून आम्ही स्वस्थपणें चाललों.

"बाबा, दगड सगळे बदलले, तर मग पूल रोमन कसा?" मुलानें विचारलें.

प्रश्न साधा होता. पण दिवसभर तो आमच्याबरोबर चालत राहिला.

पूल संपतो तेथून जवळच जगप्रसिद्ध मशीद उभी आहे. दमास्कसच्या उमय्या घराण्याचा संहार झाला तेव्हां जीव घेऊन निसटलेला राजपुत्र अब्द अर्-रहमान हा इ. स. ७५६ मध्यें येथें राज्यावर आला, व ७८५ च्या सुमारास त्यानें या इमारतीस आरंभ केला. पुढील दोन शतकांत ती तीन वेळां मोठी वाढविण्यांत आली. आज आंत साडेआठशेंहून अधिक खांब आहेत. आरंभींचे पुष्कळसे खांब जुन्या रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले. ते आंखूड पडले, म्हणून एका कमानीवर दुसरी कमान चढवून छत उंच नेलें. अडचणींतून निघालेल्या या युक्तीनेंच जगांतील एक अपूर्व सौंदर्य जन्मास आलें. तांबडी वीट आणि फिकट दगड यांचे एकाआड एक पट्टे असलेल्या त्या कमानी दृष्टि पोंचेल तेथवर पसरल्या आहेत. जणूं अंधुक उजेडांतली पोफळीची बाग. माझ्या मुलीनें मात्र एका कोपऱ्यांत जाऊन निराळाच शोध लावला. "बाबा, इथं विटा नाहींत, नुसता रंग दिलाय!" तिचें म्हणणें खरें होतें. इ. स. ९८७ च्या सुमारास अल् मन्सूर या प्रधानानें केलेल्या शेवटच्या वाढीव भागांत विटांचें काम बहुतेक रंगावर भागविलें आहे. घाईनें वाढविलेलें वैभव हजार वर्षांनींहि लहान मुलाच्या डोळ्यांतून सुटत नाहीं!

या अरण्यांतून चालतां चालतां एकाएकीं प्रकाश पडतो, छत आकाशास भिडतें, आणि आपण एका भव्य ख्रिस्ती मंदिरांत उभे असतों. १२३६ सालीं कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो यानें कॉर्दोबा जिंकलें व मशिदीचें ख्रिस्तमंदिर झालें. तरी पुढें जवळजवळ तीन शतकें मूळ रचनेस मोठा धक्का लागला नव्हता. १५२३ सालीं तिच्या ऐन मध्यावर नवें मंदिर उठविण्याचें धर्माधिकाऱ्यांनीं ठरविलें. तेव्हां विरोध कोणीं केला? गांवच्या ख्रिस्ती नगरसभेनें! पाडकामास जो कारागीर हात लावील त्यास देहान्त शासन होईल, अशी दवंडी तिनें पिटविली. पण वाद सम्राट पांचवा चार्ल्स याच्याकडे गेला व त्यानें मंदिराच्या बाजूनें कौल दिला. पुढें स्वतः इमारत पाहिल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका आहे. काम १६०७ पर्यंत चाललें.

"मग ही मशीद कीं चर्च?" मुलीनें विचारलें. या प्रश्नावर आजहि तेथें वाद आहे. उपासना फक्त ख्रिस्ती होते. मुसलमानांनीं नमाजाची परवानगी मागितली ती मिळालेली नाहीं. आणि इमारतीस कोणत्या नांवानें संबोधावें यावरहि मतभेद आहेत. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. शेजारच्या सेव्हिल शहरांत मोठी मशीद पाडून तेथें नवें ख्रिस्तमंदिर बांधलें. मनोरा व अंगण तेवढें उरलें. कॉर्दोब्यांत मोडतोड झाली खरी. पण वापर चालू राहिला, म्हणून छपराची निगा राहिली, आणि म्हणूनच ते खांब आज आपणांस दिसतात. येथला घंटेचा मनोराहि असाच : १५८९ सालच्या वादळानंतर जुन्या मिनारासभोंवतीं नवें बांधकाम झालें, आणि त्याच्या पोटांत तो मिनार अजून उभा आहे.

बाहेर अंगणांत नारिंगांचीं झाडें बहरलीं होतीं. स्पॅनिश भाषेंत या फळास 'नारांखा' म्हणतात. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज आणि स्पॅनिश नारांखा अशी ही वाट. आमच्या घरांतील सौभाग्यवतींना ही व्युत्पत्ति इतकी आवडली कीं दुपारीं खाणावळींत त्यांनीं साखरेचीहि चौकशी केली. तिचा 'आसूकार' होण्यापूर्वीं शर्करा, शकर, सुक्कर असाच प्रवास झाला होता! जेवणांत साल्मोरेखो नांवाचें थंडगार, घट्ट सार होतें : पाव, टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्हचें तेल. वर मांसाचे तुकडे घालतात. ते आम्हीं वगळावयास सांगितलें.

दुपारनंतर ज्यू लोकांच्या जुन्या मोहल्ल्यांत शिरलों. गल्ल्या इतक्या अरुंद कीं दोन्ही हात पसरले तर भिंतींस लागावेत. तेथें १३१५ सालीं बांधलेलें एक लहानसें ज्यू प्रार्थनामंदिर आहे. १४९२ सालीं स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली. मग या वास्तूंत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषबाधेच्या रोग्यांचें रुग्णालय झालें, पुढें चांभारांच्या संघाचें ठाणें. भिंतींवरील हिब्रू अक्षरें गिलाव्याखालीं झांकलेलीं राहिलीं, तीं एकोणिसाव्या शतकांत उघडीं झालीं. जवळच मैमोनिदीस या ज्यू तत्त्ववेत्त्याचा पुतळा आहे. तो येथेंच जन्मला; पण अल्मोहाद राजवटीच्या धर्मछळामुळें बालपणींच त्याच्या कुटुंबास गांव सोडावें लागलें, आणि पुढें तो ईजिप्तमध्यें राजवैद्य झाला. त्याच काळचा अॅरिस्टॉटलचा थोर भाष्यकार इब्न रुश्द हाहि इथलाच. त्यालाहि उतारवयांत हद्दपारी भोगावी लागली. ज्यांना शहरानें एकदां बाहेर घालविलें, त्यांचेच पुतळे तें आज अभिमानानें मिरवितें.

संध्याकाळीं घरांचे चौक पाहिले. आपल्या वाड्यांतल्याप्रमाणें घराच्या मधोमध अंगण, विहीर किंवा कारंजें, आणि भिंतीभर टांगलेल्या फुलांच्या कुंड्या. उंचावरच्या कुंड्यांस लांब वेताच्या टोंकाला डबा बांधून पाणी घालतात. दर वर्षीं मे महिन्यांत या चौकांचा उत्सव होतो. २०१२ सालीं युनेस्कोनें त्यास मानवजातीच्या परंपरेचा ठेवा म्हणून मान्यता दिली. एका म्हातारबाईंनीं माझ्या मुलीच्या हातीं तो वेत दिला, आणि तिनें मोठ्या गंभीरपणें दोन कुंड्यांना पाणी घातलें.

त्या वेळीं मला मुलाच्या सकाळच्या प्रश्नाचें उत्तर सुचलें. दगड बदलले तरी पूल तोच राहतो, कारण प्रत्येक पिढीनें तो पाडण्याऐवजीं दुरुस्त केला. शहर केवळ ज्यानें जिंकलें त्याचें नसतें. ज्यांनीं त्याची राखण केली त्यांचेंहि तें असतें. १५२३ सालीं दुसऱ्याच्या धर्माच्या भिंतीसाठीं उभे राहिलेले कॉर्दोब्याचे ते नागरिक हरले. पण आज तेथें हिंडणारा प्रवासी त्यांची आठवण काढतो, हा त्यांचा लहानसा विजयच म्हणावयाचा. आपल्याहि गांवोगांवीं जुन्या भिंती आहेत, आणि त्यांच्याविषयीं वादहि आहेत. त्या वादांत पडण्यापूर्वीं एक दिवस त्या भिंतींच्या कडेनें मुलांना घेऊन पायीं चालावें, एवढेंच आपणांस सुचवून मी आपली रजा घेतों.