चरत्या घोड्यांच्या सान्निध्यात



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘चरणारे घोडे’ असे सांगितले. त्यांनी नम्रपणे पृच्छा केली, “म्हणजे शर्यतीचे का?” आम्ही म्हणालो, “शर्यतीचे नव्हेत, नुसते चरणारे.” त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर जी शंका उमटली, तीच आता आपल्यापैकी पुष्कळांच्या मुद्रेवर दिसते आहे.

वस्तुतः घोड्याचे नाव आपल्या या भागात रोज घेतले जाते. पिंपरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत जी इंजिने तयार होतात, त्यांचे बळ आपण अश्वशक्तीत सांगतो. हे माप अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटने रूढ केले. आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला पटावे म्हणून त्याने हिशेब मांडला की, ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापाने सुमारे ७४६ वॅट. तेव्हा दिवसभर आम्ही घोडेच मोजत असतो. फक्त घोडा पाहत नाही, इतकेच!

आम्हांला तो दिसला गेल्या दिवाळीनंतर, चाकण-तळेगाव रस्त्यावर. वाहनांची रांग हलेना. चालकांनी इंजिने बंद केली, काहींनी कर्णे वाजवून मन मोकळे केले. आम्हीही मनातल्या मनात सर्व संबंधितांचा उद्धार करून झाला होता. इतक्यात बाजूच्या पडीक रानात चार घोडी चरताना दिसली. धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढ्या पलीकडे होत्या आणि पुढच्या पायांत पायबंद घातलेली ही घोडी बांधाकाठचे गवत खात होती. दुसरा उद्योग नसल्यामुळे आम्ही पाहत राहिलो. पाऊण तासाने रस्ता मोकळा झाला, तेव्हा मागच्या गाडीवाल्याला आम्हांला हाक मारावी लागली.

त्या पाऊण तासात आम्ही काय पाहिले? घोडा रवंथ करीत नाही. त्याचे पोट लहान, म्हणून थोडे थोडे खात दिवसाचे चौदा-पंधरा तासही तो चरण्यात घालवतो. दोन घास घ्यावेत, एक पाऊल टाकावे, पुन्हा दोन घास. विसावलेल्या घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण तीस-चाळीस ठोके घेते. आपले साठ ते शंभर. हे आकडे आम्ही पुढे वाचले. त्या दिवशी एवढेच जाणवले की, आपल्यापेक्षा संथ घड्याळावर चालणारे कोणीतरी जवळ उभे आहे.

मग एका ट्रकचा कर्णा कर्कश वाजला. चारही माना एकदम वर आल्या, आठही कान एका दिशेला वळले. अंग ताठ, गवत तोंडातच. क्षणभर सारे रान थांबल्यासारखे झाले. मग एका घोडीने नाकातून फुर्र केले आणि मान खाली घातली. पाठोपाठ उरलेल्या तिघांनी. मिनिटभरात जणू काही घडलेच नव्हते.

श्रोतेहो, आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढेच. घोडा शांत आहे, तो निर्भय आहे म्हणून नव्हे. घोडा हा स्वभावतः भित्रा प्राणी. शिकार होणाऱ्यांच्या कुळातला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, ते जवळजवळ सभोवार पाहता यावे म्हणूनच. भय त्याला आपल्याइतकेच, किंबहुना अधिक आहे. परंतु भयाचे कारण संपले की तो गवताकडे परततो. आपण परतत नाही. सकाळी वरिष्ठ बोललेला एक शब्द आपण दुसऱ्या पाळीत चघळतो, तिसऱ्या पाळीत त्याचे रवंथ करतो आणि घरी नेऊन मुलांना वाढतो. घोडा रवंथ करीत नाही हे केवळ पोटापुरते खरे नाही!

आणखी एक गोष्ट. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे आपणांस ठाऊक आहे. पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवे व्हावे लागते. कळपात काही आडवे होतात तेव्हा बहुधा एखादा उभा राहून पहारा करतो. म्हणजे पाळ्या त्यांच्यातही आहेत. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान आणि वशिंडाची जागा दातांनी खाजवतात. त्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. शांती ही एकट्याने कमावण्याची वस्तू आहे, हा आपला समज त्यांना मान्य दिसत नाही.

कोणी विचारील, आळंदी आणि देहू हाकेच्या अंतरावर असताना शांतीसाठी घोडे कशाला? पण माऊलींच्या पालखीसोबत अंकलीहून घोडा येतोच ना? त्या अश्वावर स्वार नसतो, माऊलीच त्यावर आरूढ आहेत अशी श्रद्धा असते आणि रिंगणानंतर वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या घोड्यापुढे नमणाऱ्या समाजाने रानातल्या घोड्याकडे पाव तास पाहावे, ही मागणी फार मोठी नाही.

आणि ही घोडी परकी नव्हेत. चाकणच्या उत्तरेला राजगुरुनगरावरून वाहते ती भीमा. तिच्या थडीचे ते भीमथडीचे तट्टू; मराठ्यांच्या दौडींचे वाहन. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही जात टिकली, तिचे श्रेय मुख्यतः मेंढपाळांचे. पावसाळा सरला की ते कोकणाकडे निघतात, पाऊस येण्यापूर्वी परततात आणि वाटेत त्यांचे बिऱ्हाड या घोड्यांच्या पाठीवर असते: भांडी, अंथरुणे, कोंबड्या, प्रसंगी तान्हे मूलही.

त्या दिवशी रस्ता सुटल्यावर गाडी कडेला घेऊन आम्ही तिथल्या एका म्हाताऱ्या धनगराला म्हणालो, “बाबा, घोडी पाहून फार बरं वाटलं.” तो हसला. म्हणाला, “तुमाला बरं वाटलं, ब्येस झालं. पन मागल्या साली जितं उतरलो हुतो, तितं औंदा भिंत हाय. बसाया जागा ऱ्हायली तर घोडी दिसतील.”

या वाक्यापुढे आमची शांती थोडी ओशाळली. ज्या घोडीकडे पाहून आम्ही विसावलो, तिच्या पायांत बंद होता आणि तिच्या धन्याला रात्रीच्या मुक्कामाची चिंता होती. कारखाने आले, त्यांनी हजारो घरांत चूल पेटवली. त्यांविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु गावाचे गायरान, ओढ्याकाठ, पडीक माळ या रिकाम्या जागा नव्हेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे दूर करण्याविषयी राज्यांना बजावले, ते या जमिनी साऱ्यांच्या आहेत म्हणूनच. आपल्या ग्रामसभेत, प्रभागात असा विषय निघेल तेव्हा तेथे हजर राहणे, ही घोडी पाहण्याची खरी किंमत आहे.

आता वैशाख आहे. थोड्याच दिवसांत वाडे कोकणातून परतू लागतील. एखादा आपल्या बाजूला उतरलेला दिसला, तर सकाळी जावे. आधी मेंढपाळाला विचारावे. घोड्याच्या मागून जाऊ नये. वीस-पंचवीस पावलांवर, त्याला दिसेल असे बसावे. मोबाईल खिशात ठेवावा. काहीही देऊ नये, काहीही मागू नये. फक्त त्याचे कान पाहावेत. ते आपल्याकडे वळतील, आपल्याला जोखतील, आणि मग दुसरीकडे वळतील. आपल्यापासून कोणाला भय उरलेले नाही, हे कळण्याचे सुख काय असते, ते तेथेच बसून अनुभवावे.