ग्रंथतालिका संगणकावर नेताना

(नाशिक येथे ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



नाशिकची ग्रंथालय-परंपरा जुनी आहे. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० साली झाली. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने खेड्यापाड्यांतील ग्रंथालयांनाही शासनमान्यतेचा व अनुदानाचा आधार दिला. या ग्रंथालयांच्या तालिका आता नव्या संगणकीय प्रणालींत नेल्या जात आहेत. त्या कामातील एका टप्प्याविषयी मी आज बोलणार आहे. हा टप्पा लहान वाटतो. परंतु तेथे दुर्लक्ष झाले तर ग्रंथ हरवतात. पुस्तक कपाटातच असते, पण तालिकेत ते सापडत नाही. वाचकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच होय.

रेघा नसलेली नोंदवही

काही ग्रंथालयांच्या जुन्या संगणकीय नोंदी ठरावीक रुंदीच्या फाइलींत आहेत. आपली दाखल नोंदवही डोळ्यांसमोर आणा. तिच्यातील उभ्या रेघा पुसल्या, पण रकान्यांची रुंदी कायम ठेवली, तर जे उरेल ती ही फाइल. या पद्धतीचे मूळ छिद्रपत्रात आहे. आयबीएम कंपनीचे ८० स्तंभांचे छिद्रपत्र १९२८ मध्ये प्रचारात आले. त्यात मजकुराचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरत असे.

उदाहरणार्थ, पहिल्या ६ जागा दाखल क्रमांकाच्या, पुढील २० लेखकाच्या, त्यानंतरच्या ४० ग्रंथनामाच्या आणि शेवटच्या ४ प्रकाशन वर्षाच्या, असे समजू. नाव लहान असेल तर उरलेल्या जागा मोकळ्या सोडतात. ही मोकळी जागादेखील नोंदीचा भाग असते. ती कोणी ‘स्वच्छ’ केली की पुढचा सर्व मजकूर सरकतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न

‘कुसुमाग्रज’ हे नाव घ्या. डोळ्यांना त्यात ५ अक्षरे दिसतात. संगणक काना, उकार व हलन्त ही चिन्हे वेगळी मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबी ती १० चिन्हे होतात. १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे ‘इस्की’ संकेतनात, या १० चिन्हांना १० बाइट जागा लागते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते. तेच नाव आता ३० बाइटांचे होते.

जुन्या फाइलीचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर केले आणि नंतर जुन्याच मापाने बाइट मोजून ती कापली, तर काय होईल? लेखकाच्या २० जागांत ‘कुसुमा’ एवढेच मावेल, ‘ग’ मधोमध तुटेल आणि उरलेला तुकडा ग्रंथनामात शिरेल. ग्रंथ ‘विशाखा’ असेल, तर १९४२ हे प्रकाशन वर्ष आपल्या जागी सापडणारच नाही. तेथे ४ मोकळ्या जागा येतील. यंत्र मात्र तक्रार करीलच असे नाही. हजारो नोंदी अशाच बिघडून आत जातात.

यास्तव क्रम असा ठेवावा: ज्या संकेतनात रुंदी मोजली होती त्याच संकेतनात रकाने आधी कापावेत आणि लिपीचे रूपांतर मागाहून करावे.

काही दक्षता

प्रथम मूळ फाइलीची प्रत काढून बाजूस ठेवावी. मूळ फाइलीस हात लावू नये. कोणता रकाना कोठून कोठवर आहे, याचा तक्ता मिळवावा. तक्ता नसेल तर काही नोंदी समान रुंदीच्या टंकात छापून जागा मोजाव्यात. फाइल कोष्टक-प्रणालीत उघडताना दाखल क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून घोषित करावा. एरवी ०००४१२ मधील आरंभीची शून्ये गळून पडतात.

रकाने वेगळे झाले की पुढील मार्ग सुकर होतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली व २००० सालापासून सर्वांस खुली असलेली ‘कोहा’ प्रणाली ‘मार्क’ स्वरूपातील नोंदी घेते. मार्कमध्ये प्रमुख लेखकास १०० आणि ग्रंथनामास २४५ हा क्रमांक असतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीचा मार्ग निवडला, तरी रकान्यांची जुळणी करावीच लागते.

सर्व नोंदी एकदम भरू नयेत. आधी ५० भराव्यात. त्यांत जोडाक्षरांची, लांब नावांची व रिकाम्या रकान्यांची उदाहरणे असावीत. प्रत्येक नोंद दाखल नोंदवहीशी आणि कपाटातील पुस्तकाशी ताडून पाहावी. त्यानंतरच पुढे जावे आणि अखेरीस एकूण संख्या जुळवावी.

समितीची जबाबदारी

हे काम तंत्रज्ञाचे आहे, असे म्हणून ग्रंथालय समितीस मोकळे होता येणार नाही. रकाने कापणे यंत्राला जमते. नाव बरोबर आहे की नाही, हे पुस्तके हाताळणारा ग्रंथपालच सांगू शकतो. म्हणून काम दुसऱ्याकडे सोपविताना समितीने रकान्यांचा तक्ता, मूळ फाइल आणि पडताळणीचा अहवाल लेखी मागून घ्यावा व दप्तरी ठेवावा. पंधरा वर्षांनी प्रणाली पुन्हा बदलेल, तेव्हा हेच कागद उपयोगी पडतील. कागदी दाखल नोंदवही तर कदापि टाकून देऊ नये. संगणकातील नोंदीबद्दल शंका आली की निवाडा तिच्यावरूनच करावयाचा असतो.

लोकांच्या पैशातून घेतलेले प्रत्येक पुस्तक मागणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे. तालिका हे त्याचे साधन आहे. ते बिनचूक राखण्याचे काम आपण सर्वांनी मनावर घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.