बोटाला मिळणारें उत्तर

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं टंकलेखन-यंत्र चालविलें असेल, त्यांना आठवेल कीं, अक्षर उमटलें कीं नाहीं हें तेथें कोणास विचारावें लागत नसे. खिळा कागदावर आपटे, बोटाला धक्का बसे, कानाला आवाज येई. संगणक आला आणि कळ व कागद यांची ताटातूट झाली. मग बोटाला उत्तर द्यावयाचें कोणीं? तें काम कळेखालच्या लहानशा खटक्याकडे आलें.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्याच्या कळफलकांत प्रत्येक कळेखालीं एक उभी स्प्रिंग होती. रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नांवें या रचनेचें अमेरिकन पेटंट १९७८ सालचें आहे. कळ दाबली कीं ही स्प्रिंग प्रथम आंखडते आणि मग एकाएकीं बाजूस वांकते. त्यासरशी तिच्या तळची पट्टी कलते व अक्षराची नोंद होते. बोटाचा धक्का, कानाचा खटका आणि अक्षराची नोंद हीं तिन्ही एकाच हालचालीचीं फळें. म्हणून ही कळ खोटें बोलत नाहीं. १९८५ सालच्या ‘मॉडेल एम’ कळफलकांत खालची विद्युत्-रचना अधिक स्वस्त केली गेली, तथापि स्प्रिंग तीच राहिली.

अमेरिकेंत जन्मलेल्या चेरी कंपनीचे खटके निराळ्या स्वभावाचे. काळ्या खटक्याची कळ चार मिलिमीटर खालीं जाते. अक्षराची नोंद सुमारें अर्ध्या वाटेवर होते, परंतु बोटाला त्याची वार्ताच नसते. निळा खटका आवाज करतो खरा. पण आवाज करणारा तुकडा वेगळा आणि वीज जोडणारी पट्टी वेगळी. १९८७ सालच्या ॲपलच्या मोठ्या कळफलकांत जपानच्या आल्प्स कंपनीचे खटके होते. त्यांत आवाजाऐवजी धातूच्या वांकड्या पट्टीची अडचण बोटास जाणवते.

पुढें १९९० नंतरच्या दशकांत रबरी घुमट्यांचे स्वस्त कळफलक सर्वत्र पसरले. तेथें घुमटी आधीं ढांसळते आणि नोंद मागाहून, तळाशीं होते. उत्तर आधीं मिळतें, काम नंतर! म्हणून लिहिणारा प्रत्येक कळ तळापर्यंत रेटतो.

जुने कळफलक धुऊन-पुसून पुन्हां वापरणाऱ्यांस केवळ जुन्याचे भक्त म्हणणें न्याय्य नव्हे. हत्यारानें हाताला खरें उत्तर द्यावें, एवढीच त्यांची मागणी आहे. आणि कोणताहि चांगला कारागीर ती आपल्या हत्याराकडे करीत आला आहे.