बॉम्ब पडल्यानंतरची गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



उत्सवाच्या दिवसांत अणुयुद्धाचा विषय कशाला, असे कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना वाटले असेल. पण ज्या तीन इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्यांत बॉम्बचे वर्णन थोडेच आहे. खरी गोष्ट आहे ती नंतरची. ती मिठाची, औषधाची आणि कागदाची गोष्ट आहे.

पहिली नेव्हिल शूट यांची 'ऑन द बीच', १९५७ सालची. शूट मूळचे विमानविद्येचे अभियंते. इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले. उत्तर गोलार्ध संपला आहे आणि किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे सरकते आहे. मेलबर्नच्या लोकांपाशी काही महिने आहेत. तरी एका नौदल अधिकाऱ्याची बायको पुढच्या हंगामाची बाग आखते. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून बिनतारी संदेश येतात, म्हणून पाणबुडी तिकडे जाते. तेथे माणूस नसतो. वाऱ्याने हलणारी खिडकीची चौकट यंत्राच्या कळीवर आपटत असते. या कादंबरीत कोणीच वाचत नाही.

दुसरी पॅट फ्रँक यांची 'अलास, बॅबिलॉन', १९५९ सालची. फ्लोरिडातले फोर्ट रिपोज हे काल्पनिक गाव बॉम्बमधून वाचते, आणि मग हळूहळू कळते की वाचणे म्हणजे काय. वीज जाते, शीतकपाटे बंद पडतात, इन्शुलिन खराब होते आणि मधुमेही बाई दगावते. पैशाला किंमत उरत नाही, तेव्हा बँकेचा अध्यक्ष स्वतःला संपवतो. मीठ संपते, आणि ते कोठे मिळेल हे सापडते एका पूर्वजाच्या जुन्या रोजनिशीत! ज्या वाचनालयाकडे गाव फिरकत नव्हते, तेथे आता माणसे येऊ लागतात. पुढे १९८३ साली शास्त्रज्ञांनी 'अणुहिवाळ्या'ची शक्यता मांडली. धुराने सूर्य झाकला तर पिकेच येणार नाहीत. त्या हिशेबाने फ्रँक यांचे चित्र फारच सौम्य म्हणावे लागेल. तरी रोजनिशीची गोष्ट खोटी ठरत नाही.

तिसरी आमची सर्वांत आवडती: वॉल्टर मिलर यांची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'. हीही १९५९ सालीच आली. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होते. १९४४ साली इटलीतला माँटे कसिनोचा प्राचीन मठ ज्या हल्ल्यांत उद्ध्वस्त झाला, त्यांत त्यांचा सहभाग होता. कादंबरीत युद्धानंतर चवताळलेला जमाव शिकलेल्यांना मारतो, पुस्तके जाळतो. लीबोविट्झ नावाचा एक अभियंता मठ स्थापून उरलेली पुस्तके लपवतो आणि त्यातच मारला जातो. सहाशे वर्षांनी वाळवंटात त्या मठातल्या एका भाबड्या साधकाला जुनी पेटी सापडते. तिच्यात वाणसामानाची यादी आणि एका विद्युत यंत्रणेचा निळा नकाशा. त्याला त्यातले काही कळत नाही. तरी तो पंधरा वर्षे खपून त्या नकाशाची सोन्याच्या वेलबुट्टीची नक्कल करतो. वाटेत चोर ती नक्कल नेतात आणि साधा दिसणारा मूळ कागद सोडून देतात. नक्कल गेली म्हणून अस्सल वाचले!

सरकारी कचेरीत नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळणारी आम्ही डिप्लोमावाली माणसे. आम्हाला हे प्रकरण वाचताना हसू येते आणि पोटात गोळाही येतो. कारण कागद टिकला म्हणजे ज्ञान टिकले, असे होत नाही. आपल्या इंदुरातच बघा. होळकरशाहीतले मोडी कागद आहेत. ते वाचणारे किती उरले? त्यासाठी कोणाला बॉम्ब टाकावा लागला नाही. घरोघर एक पिढी शिकवायची राहिली, एवढे पुरले. आज आपल्या मुलांना मराठी बोलता येते, पण मंडळाच्या कपाटातले पुस्तक वाचताना ती अडखळतात. कपाट मात्र आपण दरवर्षी पुसतो.

मिलर यांचा शेवट आणखी कडू आहे. अठराशे वर्षांनी माणूस पुन्हा सगळे शिकतो आणि पुन्हा तेच युद्ध करतो. मठवासी ज्ञानाचा ठेवा घेऊन अंतराळयानाने निघतात. म्हणजे ज्ञान जपणेही पुरेसे नाही. त्याचा अर्थ, त्याचे भय आणि त्याची जबाबदारी पुढच्याच्या हाती द्यावी लागते.

ज्याच्यासमोर आपण बसलो आहोत, त्याचीच कथा या जागी आठवते. महाभारत लिहून घेताना गणपतीने अट घातली, लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहू नये. कादंबरीतल्या त्या साधकाने पहिली अट पाळली. दुसरी पाळायला त्याला कोणी शिकवणारे उरले नव्हते. आपल्याकडे अजून आहेत. ती माणसे या मंडपात बसली आहेत. त्यांनी दर रविवारी तासभर मंडळात येऊन मुलांना वाचायला बसवावे, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!